पालीचं शेपूट

पिकअप खिंडीत येऊन थांबली तेव्हा मी बिस्किटांचा पुडा फोडत होते. ड्रायव्हरने मागचा फाळका पाडला आणि विचारलं, "ताई, बारा जार आणलेत. कुठं ठिवू?" वीस-वीस लिटरचे बारा जार. माझ्या मागे करंजाच्या सावलीत आठ भरलेले जार आधीच उभे होते आणि निम्म्याहून जास्त धावपटू खिंड ओलांडून पुढे गेले होते.

"अहो, मी नको म्हणून सांगितलं होतं."

"न्हाई ताई. तळावर समद्यांनी ऐकलं. तुम्ही म्हणालात, पाण्याची गाडी पाठवायची गरज."

म्हणाले होते, अगदी तसंच म्हणाले होते. फक्त त्यापुढे आणखी एक शब्द होता, ‘नाही’. तो तोंडातून बाहेर पडेपर्यंत माझा अंगठा बटणावरून उठला होता.

सिंहगडाच्या मागे, राजगड-तोरण्याकडे उतरत जाणाऱ्या डोंगरांत ही शर्यत होती. मला पळता येत नाही, म्हणजे बस पकडण्यापलीकडे येत नाही. मैत्रिणीचा मुलगा आयोजकांत होता आणि पाणी द्यायला, नंबर टिपायला माणसं हवी होती, म्हणून वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी डोंगरी शर्यतीत उतरले, खुर्ची आणि छत्री घेऊन. त्या बाजूला मोबाइल म्हणजे घड्याळ आणि विजेरी, बाकी त्याचा उपयोग नाही. त्यामुळे प्रत्येक ठाण्यावर एकेक वॉकीटॉकी दिलेला होता. ठाण्यांना नंबर देण्याऐवजी जागेचीच नावं होती: तळ, टाकं, पठार, खिंड. मी खिंड.

आदल्या संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पडवीत आमची शिकवणी झाली. शिकवायला बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी खडू हातात घेतला, पण दोन तासांत फळ्यावर एक रेघ ओढली नाही. संच प्रत्येकाच्या हातात देऊन म्हणाले, "कडेचं हे मोठं बटण दाबलंत की तुम्ही बोलता, सोडलंत की ऐकता. दोन्ही एकदम होत नाही. एवढं समजलं की नव्वद टक्के झालं." उरलेल्या दहा टक्क्यांना दोन तास लागले आणि मला विचाराल तर अजून लागताहेत.

हा संच दिसायला अगदीच साधा असतो. मोबाइलपेक्षा जाड, डोक्यावर काळ्या रबराची अँटेना आणि तिच्या शेजारी दोन गोल खुंट्या. एक चालू-बंद आणि आवाजाची, दुसरी चॅनेलची. अँटेना घट्ट फिरवून बसवल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा काकांचा पहिला दम. बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ताकद माघारी फिरते आणि संचाचंच नुकसान करते. दुसरा दम, संच अँटेनाला धरून उचलायचा नाही. "मांजरीने पिल्लू उचलावं तसा उचलतात लोक," ते म्हणाले. "मांजरीला कळतं कुठे धरायचं ते. आपल्याला नाही कळत." संच उभा धरायचा, तोंडापासून दोन-तीन बोटं लांब, जरासा तिरका, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट आत जात नाही. आणि ओरडायचं नाही. ओरडून आवाज लांब जात नाही, नुसता फाटतो. आमच्यातल्या एका शिक्षिकेला हे शेवटपर्यंत जमलं नाही. तीस वर्षं साठ पोरांच्या वर्गावर कमावलेला आवाज एका संध्याकाळीत खाली कसा येणार?

काकांना जुन्या संचांचं भारी वेड. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या हातात जो संच होता त्याचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास होतं, आणि त्याला चालू करायचं बटणच नव्हतं. अँटेना बाहेर ओढली की तो जागा व्हायचा, आत ढकलली की झोपायचा. हे सांगताना त्यांनी हवेतल्या हवेत अँटेना ओढून दाखवली आणि क्षणभर गप्प राहून ऐकलंसुद्धा.

पण बटणाकडे येते. दोन्ही एकदम होत नाही, हे वाक्य वहीत लिहून घेताना मला ते फार किरकोळ वाटलं होतं. एकाच वारंवारितेवर सगळ्यांनी बोलायचं आणि ऐकायचं, म्हणून मी बोलत असेपर्यंत माझ्या संचाचे कान बंद. ठीक आहे. त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कळला, पहिलाच निरोप देताना. मी बोलत होते आणि पलीकडून काहीही येत नव्हतं. हं नाही, हो नाही, बरं नाही. शांततेत वाक्य पुढे ढकलणं किती अवघड असतं! मी तेच तेच तीनदा बोलले, मग "ऐकू येतंय ना?" असं विचारलं आणि बटण सोडायला विसरले. उत्तर आलं असेल तर ते माझ्या दारावर डोकं आपटून परत गेलं.

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असे, हुंकार द्यायचा. "एक होता राजा." "हं." "त्याला दोन राण्या." "हं." हुंकार थांबला की गोष्ट थांबे, म्हणजे नातवंडं झोपली. आजी अर्ध्या वाक्यात उठून निघून जाई, राजा तिथेच ताटकळत. आपलं सगळं बोलणं या हुंकारावर चालतं. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी जी जी करतात ते काय शोभेला? शाहीर श्वास घेतो तेवढ्यात ते गोष्ट जिवंत ठेवतात. फोनवर आपण समोरच्याच्या बोलण्यात हं, अच्छा, अरे बापरे पेरत असतो; ते पाच सेकंद बंद पडलं तर समोरचा विचारतो, आहेस ना? वॉकीटॉकीवर हा हुंकारच काढून घेतलेला असतो. विहिरीत वाकून बोलल्यासारखं आधी सगळं बोलून टाकायचं, बटण सोडायचं आणि मग कळणार, पलीकडे कोणी होतं की नव्हतं.

या भीतीपायी नवशिक्या माणसाच्या हातून दोन चुका हटकून होतात. बटण पुरतं दाबायच्या आत तो बोलू लागतो, आणि उत्तर ऐकायच्या घाईत वाक्य संपायच्या आत बटण सोडतो. त्यामुळे वाक्याचं डोकं आणि शेपूट दोन्ही जातात. डोकं तर शहाण्या माणसाचंही जाऊ शकतं. बटण दाबल्यावर संच बोलता व्हायला थोडा वेळ लागतो. पलीकडच्या संचाने खरखर अडवण्यासाठी लावलेलं दार उघडायलाही लागतो. त्यात बॅटरी वाचवायची सोय चालू असेल तर कोणी बोलत नसताना पलीकडचा संच डुलक्या घेत असतो, मधूनच एक डोळा उघडून कोणी हाक मारतंय का ते बघतो. म्हणून बटण दाबून मनात एक म्हणायचं आणि मग बोलायचं. सोडतानाही तसंच.

इंग्रजीत यामुळे किती बिघडत असेल ते मला माहीत नाही, पण मराठीत जीव जातो. आपली भाषा सगळं गाठोडं शेवटी सोडते. कोण, कुठे, काय, कशासाठी हे सगळं सांगून झाल्यावर क्रियापद येतं आणि त्याच्याही मागे, रांगेत शेवटी, ‘नाही’. "जखमी माणसाला चालता येत नाही." शेपूट उडवा: जखमी माणसाला चालता येत. ऐकणारा समजुतीने एक ‘आहे’ जोडून घेतो. "वरची वाट बंद केलेली नाही." उडवा. आणि शेवटाला धोका म्हणून नकार पुढे आणावा तर तिथे डोकं कापायला सुरी तयारच. "नको पाठवू" यातलं पहिलं अक्षर-दोन अक्षरं गेली की उरतं "पाठवू", आणि पलीकडचा म्हणतो, पाठव ना, विचारतेस काय! माझ्या बारा जारांची गोष्ट ही एवढीच.

आकड्यांचं तर विचारूच नका. येणाऱ्या प्रत्येक धावपटूच्या छातीवरचा नंबर तळाला कळवायचा होता. मी मराठी शाळेतली, पाढे पाठ असलेली बाई, ऐटीत सांगितलं, "एकोणसत्तर गेला." तळावरच्या पोराने लिहिलं एकोणसाठ. एकोणऐंशी म्हटलं की तो गप्पच, त्याला तो आकडा इंग्रजीतून शोधावा लागे. खरखरीत सहा आणि दहा जुळी भावंडं होतात, सात आणि साठ तर एकमेकांचे कपडे घालून फिरतात. तासाभराने काका स्वतः संचावर आले आणि शांतपणे म्हणाले, "खिंड, आकडे सुटे सांगा. सहा, नऊ." सुटे आकडे! पाढ्यांची सगळी ऐट उतरली. विमानवाल्यांनाही हाच ताप झालेला आहे, हे नंतर कळलं. इंग्रजीतले फाइव्ह आणि नाइन खरखरीत सारखेच ऐकू येतात, म्हणून ते पाचाला फाइफ आणि नवाला नायनर म्हणतात. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही १९५६ पासून जगभर चालणारी बाराखडीही त्याच दुखण्यावरचं औषध. आपल्याकडे मराठीत कोणी अशी बाराखडी बसवलेली मला दिसली नाही. घरगुती आहे: कमळातला क, खटाऱ्यातला ख. ती संचावर उत्तम चालते, मी वापरून पाहिलीय.

दुपारी पिकअप परत जायच्या आधी काका तिच्यातूनच खिंडीत आले होते. रागावले नाहीत. माझ्याकडून संच घेऊन म्हणाले, "ताई, तुम्ही ओव्हर का म्हणत नाही?"

खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. ओव्हर, रॉजर हे सगळं सिनेमातलं वाटे. पाण्याच्या जारांजवळ छत्रीखाली बसलेल्या बाईने ओव्हर म्हणायचं म्हणजे हळदीकुंकवाला सॅल्यूट ठोकण्यासारखं. काकांनी सांगितलं, ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. आउट म्हणजे माझं झालं आणि उत्तर नको. सिनेमातले नायक ओव्हर अँड आउट म्हणतात, म्हणजे बोला आणि बोलू नका. रॉजर म्हणजे फक्त ऐकू आलं, समजलं, हो नव्हे. हे सगळं मी वहीत लिहिलेलंच होतं. पण पुढे ते म्हणाले, "आणि दुसरं असं, की पालीला शेपूट कशाला असतं?"

मी बघतच राहिले.

"तुटायला," ते म्हणाले. "मांजराने झडप घातली तर शेपूट त्याच्या तोंडात राहतं आणि पाल जाते. ओव्हर हे तसं आहे. अंगठा आधी उठला तर ओव्हर कापलं जाईल, तुमचं नाही वाचेल."

त्या एका वाक्याने मला सगळी शिकवणी नव्याने समजली. हाक मारताना समोरच्याचं नाव आधी आणि तेही दोनदा का घ्यायचं? "तळ, तळ, खिंड बोलतेय." एक कारण, आपलं नाव कानावर पडल्याशिवाय माणूस कान देत नाही. आणि दुसरं, पहिला ‘तळ’ कापायलाच दिलेला असतो. मधलं मौल्यवान सामान सुखरूप जावं म्हणून दोन्ही टोकांना गवत भरायचं. हापूसच्या पेटीत भरतात तसं. मला एकदम वडिलांची पत्रं आठवली. निळ्या आंतर्देशीय पत्रावर वर सा. न. वि. वि. आणि खाली कळावे, लोभ असावा ही विनंती. आम्ही पोरं हसायचो, की बाबांच्या पत्रात एवढं सगळं असतं आणि मधे फक्त पैसे पाठवले. आता वाटतं, पत्राची वरची-खालची घडी मळते, फाटते, पोस्टमनच्या घामाने भिजते, मधलं वाचता आलं म्हणजे झालं. यात शास्त्र नसेल, पण मला पटतं.

त्याच दिवशी दुसरी गंमत झाली. साडेअकराच्या सुमाराला सगळ्यांचे संच एकदम बोलू लागले, पण कामाचं काही नाही. पठारावरचा आमचा एक मित्र आपल्या बायकोला सांगत होता, की कांदाभज्यांत ओवा घातलेला त्याला मुळीच आवडत नाही आणि ही गोष्ट त्याने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिच्या आईला सांगायला हवी होती. संच पिशवीत होता, पिशवीवर तो बसला होता आणि बटण त्याच्या वजनाखाली दाबलेलं. त्याला थांबवायचं कसं? बटण दाबलेलं म्हणजे त्याच्या संचाचे कान बंद. आमच्यापैकी कोणी हाक मारली असती तर एकतर त्याच्याच जोरदार आवाजाखाली दबली असती, नाहीतर नुसती शिट्टी वाजली असती. अख्खा डोंगर मुकाट्याने त्याचा संसार ऐकत बसला. शेवटी टाक्यावरून एक पोरगा पळत वर गेला. ठरावीक वेळाने बोलणं आपोआप तोडायची सोय या संचांत असते, ती आमच्यात लावलेलीच नव्हती. नंतर सगळ्या संचांत ती लावून घेतली. ओवा मात्र त्या घरात अजून चालू आहे.

यातून हेही कळलं, की इथे गुपित म्हणून काही नसतं. संचात खासगी कोड म्हणून जे आकडे असतात त्यांनी फक्त दुसऱ्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. आपलं बोलणं मात्र त्या चॅनेलवर कान लावणाऱ्या कोणालाही ऐकू जातं. चावडीवर बसून डोळे मिटून घेतल्यासारखं.

खिंडीतून नीट ऐकू का येत नाही, याचा खुलासाही काकांनी केला. खिंड म्हणजे दोन खांद्यांमधली मान. जाण्यायेण्याला बरी, लहरींना वाईट. या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात, डोंगर आडवा आला की थांबतात. सपाट माळावर डोक्याच्या उंचीला धरलेल्या अँटेनाचं क्षितिज पाचेक किलोमीटर असतं, म्हणजे दोन माणसांची गाठ दहाच्या आत. तीच अँटेना भोवतालच्या मुलखाहून ४०० मीटर उंच माथ्यावर नेली तर क्षितिज ऐंशी किलोमीटरवर जातं. हे कागदावरचं, वाटेत झाडी, घरं आली आणि संच कमी ताकदीचा असला की ते आखडत जातं. खोक्यावर छापलेले किलोमीटर कोणीतरी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराकडे तोंड करून मोजलेले असतात, असं समजावं. मी खुर्ची उचलून करंजापासून वीस पावलांवरच्या कातळावर नेली. संच कमरेचा काढून हातात उभा धरला. तळ असा स्पष्ट ऐकू यायला लागला, की मागे कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या त्याही कळल्या.

ऊन लागलं ते वेगळं.

आता तुमच्यापैकी कोणी लगेच ऑनलाइन संच मागवायला निघाला असाल, तर जरा थांबा. आपल्याकडे कोणीही कोणत्याही लहरीवर बोलू शकत नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात कमी ताकदीचे, मान्यताप्राप्त संच विनापरवाना चालतात. आमचे तेच होते. स्वस्तातल्या कित्येक संचांत याच्या बाहेरचे, पोलिसांचे, बंदराचे, इतर कोणाचेही पट्टे सहज लागतात. लागतात म्हणून बोलायचं नसतं. मोठा गाव हवा असेल तर हौशी रेडिओचा रीतसर परवाना आहे. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं, पास झालात की व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारं नाव मिळतं आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हाच हाताएवढा संच घेऊन परवानाधारकांशी बोलता येतं. धंद्यासाठी मात्र नाही. मी अभ्यास सुरू केलाय. ओहमचा नियम चाळीस वर्षांनी पुन्हा भेटला, त्याने मला ओळखलं नाही.

काकांनी मला अभ्यासाला लावलं ते एका गोष्टीने. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाच्या हौशी रेडिओ चालवणाऱ्या बाई पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओच्या मोहिमेवर, अंदमानातून जगभरच्या हौशी मंडळींशी बोलायला त्या आल्या होत्या. अनेक वर्षांनी तिथून बोलायची परवानगी मिळालेली, त्यामुळे सगळं जग कान लावून होतं. फोन बंद पडले आणि त्याच संचावरून बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. लांबचं बोलणं म्हणून तो संच आमच्यासारखा हातातला नव्हता, पण रीत तीच. काका तो प्रसंग सांगताना संचाबद्दल फार बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, की असा निरोप आला की लिहून घ्यायचा आणि आहे तसा परत वाचून दाखवायचा. पलीकडच्याने बरोबर म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. आपल्या माणसाचं काय झालं ते ऐकायला कोणी बसलेलं असतं आणि त्याच्यासाठी सगळं एका शब्दावर असतं.

तेव्हापासून मीही परत वाचून घेते. आणि संचावर बोलताना नकार मधे ठेवते, दोन्ही बाजूंना गवत भरून. "तळ, तळ, खिंड बोलतेय. नको, गाडी नको. परत सांगा. ओव्हर." पलीकडचा पोरगा वाचतो, "गाडी नको. ओव्हर." ऐकायला फार बरं वाटतं. हुंकारच तो, जरा उशिरा येतो एवढंच.

घरी याचा उपयोग झालेला नाही. नवऱ्याचं वाक्य संपायच्या आत मी बोलते, माझं संपायच्या आत तो. परवा मी जेवताना ओव्हर म्हटलं तर त्याने आमटी वाढायची थांबवली.

बारा जारांपैकी अकरा त्या दिवशी परत खाली गेले. एक मी ठेवून घेतला, ड्रायव्हरला वाईट वाटू नये म्हणून.